पैसे घेऊन मायेचा हात: कोल्हापुरात हे काम कसं करावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत काही माणसं तासाला 80 डॉलर घेऊन अनोळखी माणसाला जवळ घेऊन बसतात, असं तू वाचलंस. तू 26 वर्षांची, राजारामपुरीत राहणारी, बीकॉम झालेली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तूच केलंस, आणि तुझा हात हातात असला की तिला झोप लागायची हे तुझ्या लक्षात राहिलंय. तर कोल्हापुरात असं काम, कुणाची नोकरी न करता, स्वतःच्या जोरावर करून महिन्याला 25 हजार मिळतील का? आणि घरी काय सांगायचं?

मिळतील. पहिल्या चार-सहा महिन्यांत नाही, आणि बाहेरचं काम जसंच्या तसं उचलून इथं मांडलंस तर कधीच नाही. मी ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी आणि शिवाजी पेठेतल्या घरांत बरीच वर्षं हे काम करते आहे. वयस्कर माणसांना घरी जाऊन सोबत करते. त्यात बोलणं असतं, पेपर वाचून दाखवणं असतं, दारापुढं चार पावलं चालवणं असतं. आणि या सगळ्यात बराच वेळ त्यांचा हात माझ्या हातात असतो. घरचे मला बोलावतात ते त्या हातासाठी, हे मला ठाऊक आहे. त्याचे पैसे घेताना मला कधी लाज वाटलेली नाही आणि तुलाही वाटू नये.

आधी बाहेरचं काम नीट समजून घे, कारण त्यातलं निम्मं आपल्याला घेण्यासारखं आहे. 2004 साली न्यूयॉर्कमध्ये रीड मिहाल्को आणि मार्सिया बाझिन्स्की या दोघांनी ‘कडल पार्टी’ नावाचे मेळावे सुरू केले. कडल म्हणजे मायेनं कुशीत घेणं. अनोळखी माणसं एका खोलीत जमायची, कपडे अंगावरच ठेवायचे, आणि कुणाला हात लावायचा तर आधी विचारायचं. समोरच्यानं तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. मनात ‘बघू’ असेल तर ‘नाही’ म्हणायचं, हा त्यांचा एक नियम मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. 2012 मध्ये तोक्योच्या अकिहाबारा भागात पैसे देऊन कुणाच्या तरी शेजारी नुसतं झोपता येईल असं दुकान निघालं. 2014 च्या नोव्हेंबरात समँथा हेस या बाईंनी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात कुशीत घेण्याचं दुकान उघडलं, तिथं मिनिटाला एक डॉलर पडायचा. पुढं ‘कडलिस्ट’सारख्या कंपन्या आल्या. त्या माणसांना शिकवतात आणि आपल्या यादीत घेतात. तू वाचलेला 80 डॉलरचा दर त्याच धर्तीचा. आपल्या पैशात तो 7 हजारांच्या आसपास जातो. तो आकडा डोक्यातून काढून टाक, नियम तेवढे ठेव. कपडे अंगावरच. लैंगिक काही नाही, कसलंही नाही. आधी फोनवर बोलणं, मग भेट. आणि दोघांपैकी कुणालाही कुठल्याही क्षणी थांबवता यावं.

आता कोल्हापूर. हे गाव स्पर्शाला परकं नाही. गंगावेशीच्या नाहीतर मोतीबागेच्या तालमीत पहाटे मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडत बसतात. वस्ताद पाठीवर थाप मारतो, त्या थापेवर पोरगं आठवडाभर जगतं. बाळंतीण घरी आली की तेल लावणारी बाई सव्वा महिना रोज येते, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालते, बाळंतिणीची कंबर चोळते, आणि जाताना पैसे, साडी घेऊन जाते. सलूनमध्ये डोक्याला चंपी करून घेणारा माणूस त्या दहा मिनिटांसाठी डोळे मिटून बसतो. हे सगळे पैसे देऊन घेतलेले स्पर्श आहेत आणि कुणीही त्यांच्याकडं वाकड्या नजरेनं पाहत नाही, कारण प्रत्येकाला काहीतरी निमित्त आहे: व्यायाम, बाळंतपण, केस. इथं स्पर्शाला निमित्त लागतं. ते असलं की दार उघडतं. नसलं की तू कितीही चांगल्या मनानं गेलीस तरी पहिला प्रश्न चारित्र्याचा येतो, आणि तोही तुझ्यापर्यंत न येता शेजारी फिरतो. म्हणून ‘मिठी’ किंवा ‘कडलिंग’ या नावानं जाहिरात करू नकोस. इन्स्टाग्रामवर तर मुळीच नको. ‘ज्येष्ठांना घरी सोबत: गप्पा, वाचन, फिरणं, हातापायाला तेल’ एवढं लिही. यात खोटं काही नाही. तू हेच करणार आहेस आणि माया त्याच्या आतच आहे.

बोलावतं कोण? बहुतेक वेळा पुण्यातला, बेंगळुरूतला नाहीतर परदेशातला मुलगा किंवा मुलगी. इथं मोठं घर, स्वयंपाकाला बाई, दारावर कॅमेरा, औषधांचे खण आठवड्याचे भरलेले. पण नवरा गेल्यापासून त्या माउलीला कुणी जवळ घेतलेलं नसतं. पाया पडायला येणारे लांबूनच वाकतात. डॉक्टर नाडी बघतात तेवढाच काय तो मानवी हात. अशा घरात तुम्ही पहिल्यांदा हात हातात घेतला की काही जणी तो सोडतच नाहीत. ‘बस की गं जरा, लगेच निघालीस?’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की निघायच्या आधी पाच मिनिटं मी सांगायला लागले: आता आपल्याकडं पाच मिनिटं आहेत, परवा परत येणार आहे. असं सांगितलं की सुटका सोपी होते, दोघींचीही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे विसराळूपणाचा आजार असलेली माणसं. तिसरं, पक्षाघातानंतर घरात अडकलेली. आणि एक वर्ग लोकांच्या लक्षात येत नाही: स्वतः आजारी नसलेली, पण वर्षानुवर्षं नवऱ्याची नाहीतर सासूची सेवा करून थकलेली बाई. तिला दोन तास कुणीतरी शेजारी बसून डोक्याला तेल लावून दिलं तर ती रडते, आणि ते रडणं थांबवायचं नसतं. नुसतं शेजारी असायचं.

हात कसा ठेवायचा याला शास्त्र आहे, आणि ते तू शिकलंच पाहिजेस. आपल्या त्वचेत, मुख्यतः लव असलेल्या भागात, मंद गतीनं संदेश नेणारे मज्जातंतू असतात. त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. 2009 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या संथ वेगानं हात फिरला की हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात, आणि माणसालाही तोच वेग सर्वांत सुखाचा वाटतो. हात ऊबदार लागतो, त्वचेच्या नेहमीच्या तापमानाइतका, म्हणजे साधारण 32 अंश. आता हिशेब कर. कोपरापासून मनगटापर्यंत अंदाजे 25 सेंटिमीटर. सेकंदाला 3 सेंटिमीटर धरलं तर एकदा खाली उतरायला आठ सेकंद लागतात. घड्याळ समोर ठेवून स्वतःच्या हातावर करून बघ. नवीन मुली दोन सेकंदांत खाली येतात आणि त्यांना वाटतं आपण हळू करतोय. आठ सेकंदांची सवय व्हायला वेळ लागतो. झाली की समोरच्याचा श्वास लांब होताना तुला दिसेल.

तळहातापेक्षा हाताची बाहेरची बाजू, खांदे, पाठीचा वरचा भाग इथं हा संथ हात जास्त लागू पडतो. तळहात मात्र धरायला उत्तम. घट्ट, स्थिर, न हलवता. जिला भीती वाटते आहे तिला कुरवाळू नये, तिचा हात दोन्ही हातांत धरून स्थिर बसावं. आणि कुशीत घेणं? होतं तेही. बसल्या जागी, खांद्याला खांदा लावून, तिनं डोकं टेकवलं तर टेकवू द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा. मी कधीही शेजारी आडवी होत नाही. एखादी शेवटच्या दिवसांत असेल आणि मुलगी, सून खोलीत असेल तर पलंगावर बसून तिचं डोकं मांडीवर घेतलंय. त्यापुढं नाही.

मात्र याला उपचार म्हणून विकू नकोस. 1978 साली कोलंबियातल्या बोगोता शहरात एडगर रे या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि ती पद्धत आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही ‘कांगारू’ नावानं चालते. स्पर्शाची ताकद खरी आहे. तरी ‘रक्तदाब उतरतो, साखर कमी होते, लकवा सुटतो’ असलं एक अक्षरही पत्रकावर नको. या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. आणि तुझ्या भरवशावर कुणी गोळी सोडली तर ते पाप कुठल्याच पैशानं फिटणार नाही.

परवानगी हा या कामाचा कणा आहे. घरी मुलगा म्हणाला, ‘आईला जवळ घ्या, तिला आवडतं,’ तरी आईनं म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिल्या भेटीत मी समोर बसते, शेजारी नाही. माझा हात पालथा, मोकळा, तिच्या हाताजवळ ठेवते आणि विचारते, ‘हात धरू का?’ तिनं मान हलवली तर धरते. हात ताठ राहिला, बोटं आखडली, नजर दाराकडं गेली तर ‘हो’ म्हटलं असलं तरी सोडते. आपल्याकडच्या बायकांना ‘नाही’ म्हणायची सवयच नसते. आयुष्यभर कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून मी त्यांच्याकडून ‘नाही’ म्हणवून घेते. ‘पायाला तेल लावू?’ ‘नको.’ ‘बरं.’ आणि खरंच लावत नाही, चेहराही पडू देत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की त्या बाईला कळतं की इथं आपलं चालतं. त्यानंतर ती जे ‘हो’ म्हणते ते खरं असतं. माझ्या बघण्यात, नवीन मुलींची घरं टिकत नाहीत ती इथंच. माया उतू जाते आणि विचारायचं राहून जातं.

विसराळूपणाच्या आजारात हे आणखी हळू. मागून कधीच जायचं नाही. समोरून, डोळ्यांच्या पातळीला येऊन, दर वेळी नाव सांगायचं. काल ओळखलं म्हणून आज ओळखतील असं नाही. आधी पालथ्या हाताला हलकेच बोट लावायचं, थांबायचं, मग पुढं. एखादे आजोबा याच आजारात भान सुटून नको तिथं हात घालतात. त्यांना रागावून उपयोग नाही, लाजवूनही नाही. हात बाजूला काढायचा, उठून जागा बदलायची, हातात दुसरं काही द्यायचं, आणि त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं. परत परत झालं तर ते घर सोडायचं आणि तिथं पुरुष मदतनीस ठेवायला सांगायचं. हे सोसायचं काम नाही.

तेल लावण्यापूर्वी काही गोष्टी माहीत हव्यातच. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हात लावू नकोस. आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांकडं पाठव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जरा जोर पडला तरी काळंनिळं होतं. पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर लाली दिसली तर ती चोळायची नाही, चोळून जखम वाढते. कूस बदलायला सांगायची. मधुमेह असेल तर पायाला संवेदना कमी असतात, शेकायच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघायचं आणि बोटांच्या बेचक्यांतली भेग शोधायची. लकवा झालेल्या बाजूचा हात धरून कधी ओढायचा नाही, खांदा निखळतो. खरूज, नागीण, ओली जखम असेल तर नुसतं शेजारी बस. तुझी नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, अत्तर नाही, हात साबणानं धुऊन कोमट केलेले. थंडीत दारातून आल्या आल्या गार हात लावला तर पुढचे दोन तास वाया जातात.

हे सगळं शिकायला जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाची निगा राखणाऱ्या मदतनिसाचा, अभ्यासक्रम कर. काही महिन्यांचा असतो, कौशल्य विकासाच्या केंद्रांत चालतो. त्यात माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवतात, आणि तीच गोष्ट तुझी कंबर पुढची वीस वर्षं वाचवेल. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही घे. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढ आणि पहिल्या भेटीत न मागता समोर ठेव. परदेशातल्या मुलाला तुझ्या हातातली माया फोनवरून दिसत नाही, दाखला दिसतो.

आता सुरक्षितता, इथं मी जरा कडक बोलणार आहे. तुला फोन येतील. ‘पॅकेज काय आहे?’ ‘फक्त मसाज का आणखी काही?’ आवाज गोड असेल, भाषा सभ्य असेल. तू फोन उचलल्यावर पहिले तीन प्रश्न तुझे: कुणासाठी हवंय, वय काय, त्या वेळी घरात दुसरं कोण असतं? ‘माझ्यासाठीच’ म्हणणारा धडधाकट पुरुष असेल तर ‘आम्ही फक्त ज्येष्ठांकडे जातो’ एवढंच बोलून ठेवून दे, समजावत बसू नकोस. सुरुवातीची दोन वर्षं फक्त बायकांकडंच जा. पुढं आजोबांकडं गेलीस तरी दिवसाउजेडी, घरात दुसरी बाई असताना, सोप्यात नाहीतर हॉलमध्ये बसून, दार उघडं ठेवून. हात, खांदे, डोकं, गुडघ्याखाली पाय, एवढीच तुझी हद्द. कॅमेरा कुठं आहे ते विचार. हॉलमध्ये असला तर चांगलंच आहे, तुझ्याही बाजूनं साक्ष असते.

जागा भाड्यानं घेऊन बोर्ड मात्र लावू नकोस. मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या ठिकाणांवर 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, ज्याला सगळे ‘पीटा’ म्हणतात, छापे पडतात. तुझं काम स्वच्छ असलं तरी बंद खोली आणि ताशी दर एवढ्यावर लोक अर्थ काढतात. गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या माणसांदेखत, हेच बरं. आणि तुझ्यावर कुणी हात टाकला तर गप्प बसायचं नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे; तिचं कलम 74 विनयभंगासाठी आणि 75 लैंगिक छळासाठी आहे. पैसे घेऊन सोबत करते म्हणून तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. तातडीच्या मदतीसाठी 112 हा आकडा लक्षात ठेव.

आणखी एका गोष्टीला तुला तोंड द्यावं लागेल, जिचा अमेरिकेतल्या कुठल्या नियमावलीत उल्लेख नाही. आडनाव विचारतील. थेट नाही तर ‘गाव कुठलं, पाव्हणे कुठले’ असं फिरवून विचारतील. ज्यांच्या हातचं पाणी एके काळी चालत नसे अशा घरातली मी आहे. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात बसून चहा घेतला, 1919 मध्ये सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम काढला, त्याच शहरात मला एका बंगल्यात वेगळा कप मिळालाय. पाय चेपायला हात चालतो, कपाला चालत नाही. अशा वेळी काय करावं हे प्रत्येकीनं आपलं ठरवावं. मी ते घर पहिल्याच दिवशी सोडलं. माझं मत स्पष्ट आहे: जिथं तुझा स्पर्श विटाळ मानतात तिथं तुझ्या स्पर्शानं कुणाला शांती मिळणार नाही. तुला स्वतःला कुठल्या बाजूचं आडनाव असेल ते मला माहीत नाही. पण वरच्या बाजूचं असेल आणि कुणी ‘तुम्ही आपल्यातल्या म्हणून बरं वाटतं’ म्हणालं, तर त्या वाक्याला हसून मान डोलवू नकोस.

पैशाचं. मी दोन तासांच्या भेटीचे 500 रुपये घेते. तू सुरुवातीला 400 घेतलेस तरी चालेल, पण तासावर बोलू नकोस, भेटीवर बोल. तासाचा दर म्हटला की लोक घड्याळ बघतात आणि तूही बघायला लागतेस. एका घरी आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला साधारण 13 भेटी, 6,500 रुपये. चार घरं झाली तर 26 हजार. पेट्रोल, तेल, फोन यांत अडीच-तीन हजार जातात, आणि एखादी आजी दवाखान्यात जाते, एखादी लेकीकडं पुण्याला जाते. म्हणून हातात 25 हजार हवे असतील तर पाच घरं धर. दिवसाला तीनपेक्षा जास्त भेटी घेऊ नकोस. चौथ्या घरात तुझा हात असतो, तू नसतेस, आणि वयस्कर माणसांना ते लगेच कळतं.

पैसे महिन्याचे, आगाऊ, 5 तारखेच्या आत. हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे: काय करणार, काय नाही करणार, किती वाजता, किती पैसे, रद्द करायचं तर केव्हा कळवायचं. स्वयंपाक, भांडी, धुणं, संडास साफ करणं यात नाही, हे शब्द कागदावरच असू देत. तोंडी असलं की तिसऱ्या महिन्यात ‘जरा कणीक मळून देतीस?’ सुरू होतं. आगाऊ पैशाचं दुसरं कारण पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळीवर येते, 43 फुटांना धोक्याच्या. 2019 आणि 2021 च्या पुरांत तर अर्ध्या शहरात जाता येत नव्हतं. मी त्या काळातल्या बुडलेल्या भेटी पुढं भरून देते, पैसे परत करत नाही, आणि हेही कागदावर असतं. भेटीला जाता आलं नाही तर रोज ठरल्या वेळी फोन मात्र करते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, ती करून घे. पैसे शक्यतो खात्यावर घे, म्हणजे पुढं कर्जाला हिशेब दाखवता येतो. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या घरात असेल तर प्राप्तिकर बसत नाही, तरी विवरणपत्र भर. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी 20 लाख आहे, तिचा विचार तुला करायचा नाही.

घरं मिळतात ती ओळखीतून. तुमच्या भागातले फिजिओथेरपिस्ट, जुने फॅमिली डॉक्टर, ज्येष्ठ नागरिक संघ, आणि हो, मेडिकल दुकानदार. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दर शनिवारी मुलाला किंवा मुलीला चार ओळींचा निरोप पाठव: आई काय बोलली, काय खाल्लं, पायाची सूज कशी आहे. आईनं विश्वासानं सांगितलेलं घरातलं भांडण त्यात लिहायचं नाही. त्या चार ओळींमुळं माझी घरं वर्षानुवर्षं टिकलीत.

पुरुषांनी हे काम करावं का असं तुझ्या भावानं विचारलं असेल तर जरूर करावं. एकट्या आजोबांना पुरुष सोबती मिळतच नाही. तालमीत अंग रगडायला शिकलेल्या पोराला निम्मं काम आधीच येतं.

आणि ही माणसं जातात. तू ज्या हातावर आठ सेकंद मोजत होतीस तो हात एक दिवस गार लागतो. मी दिवसकार्याला जाते, पंधरा दिवस त्या वेळेला दुसरं घर घेत नाही, घरच्यांनी त्या दिवसांचे पैसे देऊ केले तरी घेत नाही. तू तुझी रीत ठरव, पण काहीतरी रीत हवी. शिवाय दिवसभर दुसऱ्यांना आधार दिल्यावर तुलाही कुणाचा तरी हात लागतो. माझी बहीण रविवारी माझ्या डोक्याला तेल लावते, आणि मी तिला त्या वेळात माझी गाऱ्हाणी सांगते. मन फारच जड झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. तुझ्या एखाद्या आजीला घरात मारहाण, उपासमार, पैशाची लूट होताना दिसली तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे.

घरी काय सांगायचं? खरं ते. ‘अमेरिकेत असं असतं’ इथून सुरुवात करू नकोस, आजीपासून कर. तिचं तू काय काय करत होतीस ते आईनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यातलंच काम दुसऱ्या आजीसाठी, पैसे घेऊन, ठरलेल्या वेळेत. कुठं जातेस, किती वाजता सुटतेस, त्या घरचा फोन, हे सगळं आईकडं लिहून ठेव. पहिल्या घरी पहिल्या दिवशी तिलाच बरोबर घेऊन जा. तिला जे विचारायचं ते ती त्या घरच्यांना तिथंच विचारेल, आणि घर तिला पटलं नाही तर ते घेऊ नकोस, दुसरं बघ.